शिवलीलाचा कागद

“बाई, ह्ये काय लिवलंय तुमी?”

महादेवी दारातच थबकली होती. डोक्याचा फडका अजून सोडलेला नव्हता, बोटं बेदाण्याच्या चिकट्यानं काळी पडलेली. आणि तिची लेक शिवलीला, साडेचार वर्षांची, चवड्यांवर उभी राहून, दोरीला चिमट्यानं अडकवलेल्या कागदावर बोट फिरवत आईला खड्या आवाजात वाचून दाखवत होती.

“आई — माझ्या — खिशात — बेदाणे — घालती. गेटवर — मला — कोण — बघत — न्हाई. अर्धे — मला. अर्धे — आजीला. आजीला — दात — न्हाईत. ती — चोखती.”

वाचून झालं आणि शाबासकीसाठी पोरगी आईकडं वळली. आईचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. तिनं आधी मागं वळून पाहिलं, आवारात कोणी आहे का ते. मग आत येऊन दार लोटलं.

“बाई, ह्ये कवापासनं टांगलंय हितं?”

“सोमवारपासून,” मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मान वर करून तो पहिल्यांदाच नीट वाचला. कारण तोपर्यंत, खरं सांगते, त्या कागदावर काय लिहिलंय हे माझ्या डोक्यातच शिरलं नव्हतं. लिहिलं होतं मीच, माझ्या हातानं, एकेक शब्द मोठ्यानं उच्चारून. पण लिहिताना मला एवढंच दिसत होतं की, कधी दोन शब्दांपुढं न जाणारी ही पोरगी आज पाच-सहा वाक्यं बोलतेय, गोष्टीला सुरुवात आहे, शेवट आहे. त्या आनंदात मी खुळ्यासारखी लिहीत सुटले. तीन दिवस तो कागद माझ्या डोक्यावर लटकत होता आणि बालवाडीच्या बाईला तो वाचता आला नाही. आता बोला.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. तासगावकडच्या एका मोठ्या कोल्ड स्टोरेजच्या आवारात मी बालवाडी चालवत होते. मालकांना सगळे भरतदादा म्हणत. शेडमध्ये दीडशे बायका बेदाणा निवडायच्या, त्यातल्या बऱ्याच जत भागातून हंगामापुरत्या आलेल्या, आवारामागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या. त्यांची पोरं पायात घुटमळू नयेत म्हणून दादांनी मला एक खोली दिली होती. पोरं सांभाळा, खाऊ द्या, जमलं तर अ-आ-ई शिकवा, एवढंच काम.

मी पाटीला हात लावला नाही. रोज एक गोष्ट सांगायचे. मग पोरं ती मोडायची, लांबवायची, त्यातल्या कोल्ह्याला टेम्पोत बसवून सांगलीला धाडायची. आणि मग एकेकाची पाळी. ज्याची पाळी, त्यानं आपली गोष्ट सांगायची आणि मी ती जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहायची, तो बोलेल तशीच. ‘न्हाई’ म्हणाला तर न्हाई. कागद दोरीला, पोराच्या नावाच्या चिमट्याला. पोरं दिवसभर आपापल्या कागदाखाली उभी राहून बोट फिरवायची. खाऊच्या डब्यांनाही मी नावं चिकटवली होती, गूळ, शेंगा, फुटाणे, आणि डबा कुठला ते वाचून आणणाऱ्याला आधी खाऊ. बघा, पोटातून अक्षर लवकर जातं.

माझा नियम एकच होता आणि तो मी रोज पोरांकडून म्हणवून घ्यायचे. “तुम्ही बोलाल ते?” मी विचारायचे. “बाई लिहिणार!” पोरं ओरडायची. “आणि बदलणार?” “न्हाई!” असा गलका व्हायचा की शेडमधल्या बायका हसायच्या.

आणि आता महादेवी माझ्यासमोर उभी होती.

“गेल्या साली पारवतीला धरलं,” ती हळू आवाजात म्हणाली. “मूठभर गावलं तिच्या पदरात. सुट्टीच्या वक्ताला गेटात हुबी केली, हातात त्ये बेदाणे घेऊन. समद्या बायका तिच्या म्होरनं गेल्या. मीबी गेले, बाई. मान खाली घालून गेले. दुसऱ्या दिशी ती गावाला.”

मला माहीत होतं. गेटवर रोज संध्याकाळी झडती व्हायची, पदर, पिशवी, जेवणाचा डबा. पोरांना मात्र कोणी बघत नसे.

“उद्या दादा येणार हाईत न्हवं हितं?” महादेवी म्हणाली. “सर्जेराव सांगत हुता. पोरांचं वाचान घेणार म्हनं.”

तेही खरं होतं. सर्जेराव म्हणजे शेडचा मुकादम. त्याला माझी बालवाडी पहिल्यापासून डोळ्यांत सलत होती. हंगाम जोरात होता, पेट्या ठेवायला जागा पुरेना, आणि माझी खोली शेडला लागून. त्यानं दादांचे कान भरले होते, चार महिने झाले, एका पोराला पाटीवर ‘अ’ काढता येत नाही, बाई नुसत्या गोष्टी सांगत बसते, गोष्टीनं काय पोट भरतंय? दादांनी निरोप धाडला होता. गुरुवारी दहा वाजता येतो. पोरांनी वाचून दाखवलं तर खोली तुमची, नाहीतर सोमवारपासून पेट्यांची.

“काढा त्यो कागूद,” महादेवी म्हणाली. “पाया पडते.”

“बदलते मी. तू जा. काळजी करू नको.”

तिनं पोरीचं मनगट धरलं. “आन् तू! कुनाम्होरं काय बोललीस तर बघ. तोंडातनं शबूद काढायचा न्हाई!”

शिवलीला गोंधळून माझ्याकडं बघत राहिली. आत्ता तर वाचलं म्हणून शाबासकी मिळायची होती, आणि एवढ्यात काय झालं, असं तिच्या तोंडावर होतं. आईनं तिला ओढतच नेलं.

मी कागद खाली घेतला आणि पुढ्यात घेऊन बसले. काढून टाकावा, तर चिमटा रिकामा दिसणार. सर्जेराव दोनच दिवसांपूर्वी येऊन मोजून गेला होता, अठरा पोरं, अठरा कागद. रिकामा चिमटा त्याच्या नजरेतून सुटायचा नाही. म्हणजे दुसरा कागद हवा, तेवढ्याच लांबीचा, पोरीच्याच ढंगाचा. मी कॅलेंडरचं दुसरं पान फाडलं आणि लिहिलं:

*आई माझ्या खिशात फुटाणे घालती. वाटेनं मी चालत जाती. अर्धे मला. अर्धे आजीला. आजीला दात न्हाईत. ती चोखती.*

घाईत होते. ‘झालं एकदाचं’ म्हणून चिमट्याला लावला. जुना कागद फाडायला हात उचलेना. चौघडी करून माझ्या कापडी पिशवीत ठेवला.

रात्री झोप कसली लागते! पोरीला उद्या वाचायला उठवलंच नाही म्हणजे झालं, एवढंच मनाशी घोकत होते. बाकीचे चार-पाच तयार होते, रेहान होता, अंकुश होता, वाचतील. शिवलीलाला मागं माठाजवळ बसवायचं. तिला बोलावून काही सांगावं, असं एकदाही मनात आलं नाही. साडेचार वर्षांच्या पोरीला काय कळतंय!

गुरुवारी दादा आले ते बरोबर दहाला. पांढरी पँट, पांढरा शर्ट, चष्मा गळ्यात लोंबता. माणूस वाईट नव्हता. पण हिशोबी होता, आणि मुख्य म्हणजे बेदाण्यातला होता. दाणा नुसता दोन बोटांत धरून कुठल्या बागेचा ते सांगायचा. मागून सर्जेराव, हातांची घडी घालून. तो दारातच उभा राहिला, पेट्या कशा लागतील याचा अंदाज घेत असल्यासारखा.

मी म्हणाले, “रेहान, ये बाळा.”

रेहाननं फर्मास वाचलं. त्याच्या गोष्टीत बकरी टाकीत पडली होती. दादा हसले. मग अंकुश. त्याचंही झालं.

“दादा,” सर्जेराव दारातून म्हणाला, “ह्ये पाठ हाय. पोपटबी बोलतोय की. बाईंनी घोकून घेतल्यालं दिसतंय.”

“पाठ नाही!” मी उसळले. माझी जीभ तशीही तिखट. “तुम्हाला अक्षर येत असेल तर बोट बघा पोराचं, शब्दावर आहे का नाही ते.”

“बोट काय, कुटंबी फिरतंय.”

दादांनी हात वर केला. “थांबा. बाई, तुम्ही बोलावलेली नकोत. मी बोलावतो.” त्यांची नजर पोरांवरून फिरत फिरत मागं गेली. “ती. माठापाशी बसलेली. लाल फ्रॉकवाली.”

मी पटकन पुढं झाले.

“ती नको दादा, लाजरी आहे. हंगामापुरती आलेली आहे, तिला अजून—”

“म्हणूनच म्हटलं,” दादा म्हणाले. “ये गं. तुझा कागद कुठला?”

शिवलीला उठली. फ्रॉक नीट केला. तो लाल फ्रॉक, आणि त्याला पुढं केवढा तरी मोठा खिसा. मी आजवर तो खिसा कधी पाहिलाच नव्हता; त्या दिवशी मला त्याशिवाय दुसरं काही दिसेना. ती पुढं येऊन आपल्या चिमट्याखाली उभी राहिली.

आता ऐका, माझ्या मनात काय चाललं होतं. सर्जेराव म्हणतो तसं पाठच असू दे, अशी मी देवाजवळ भीक मागत होते का? छे! पाठ असेल तर पोरगी बेदाणेच म्हणणार, कागदावर काही का असेना. तिला वाचता यावं, एवढीच माझी आशा. वाचलं तर फुटाणे, न वाचलं तर बेदाणे. चार महिने ज्याच्यासाठी घसा कोरडा केला ते पोरीला आलंय की नाही, हे कळायची वेळ आली ती ही अशी.

तिनं बोट टेकवलं.

“आई — माझ्या — खिशात —”

बोट थांबलं.

तिनं बोट उचललं, पुन्हा त्याच शब्दावर ठेवलं. मान वाकडी केली. मग वळून खाऊच्या डब्यांकडं पाहिलं, परत कागदाकडं पाहिलं.

“फुटाणे,” ती म्हणाली.

मी श्वास सोडला. पण ती पुढं जाईना.

“बाई, हितं फुटाणे लिहिलंय.”

“हो बाळा. वाच पुढं.”

“मी फुटाणे न्हाई सांगितलं.”

दादांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांना लावला आणि खाली वाकले. “काय, काय म्हणालीस?”

“ह्यो माझा कागद न्हाई,” शिवलीला म्हणाली. ती रडत नव्हती. फक्त ठाम होती. “ह्यात फुटाणे हाईत. आन् हितं ‘वाटेनं’ हाय. माझ्यात ‘गेटवर’ हुतं.”

“सर्जेराव!” दादा एकदम खूश होऊन ओरडले. “बघितलंस का? पोपट म्हणतोस! पोपट असता तर आपलं जुनंच बोलला असता. कागद बदललेला ओळखला की पोरीनं! वाचते ही!”

सर्जेरावचं तोंड आंबट झालं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्या क्षणी खोलीभर नाचले असते. खोली वाचली होती, बालवाडी वाचली होती. आणि मी भिंतीला टेकून उभी, पिशवी छातीशी धरून.

दादा मात्र कागदाशीच रेंगाळले. चष्मा लावलाच होता, तर स्वतः वाचायला लागले. “फुटाणे... वाटेनं... अर्धे आजीला. आजीला दात न्हाईत. ती चोखती.” ते हसले. “अहो बाई, बिनदाताची आजी फुटाणे कशी चोखेल? नरड्यात अडकून मरेल की!”

पोरं खिदळली. दादाही हसत होते. आणि हसता हसताच त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मी तो बदलताना पाहिला, अजून दिसतो. बेदाण्यातला माणूस तो. त्यांनी कागदाकडं पाहिलं, मग शिवलीलाच्या फ्रॉककडं, मग दारातून पलीकडच्या गेटकडं.

“चोखता येईल असं आपल्याकडं काय असतं, सर्जेराव?” ते हळूच म्हणाले.

सर्जेरावच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला नाही.

दादा उकिडवे बसले, पोरीच्या तोंडासमोर तोंड आणून. “तू काय सांगितलं होतंस बाळ? आई खिशात काय घालते?”

मी पिशवी आणखी घट्ट धरली.

शिवलीलानं ओठ घट्ट मिटले. दादांकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं वळली आणि म्हणाली, “बाई, माझा कागद द्या.”

“कुठंय तुझा कागद?” दादांनी विचारलं.

तिची नजर माझ्या पिशवीवर गेली. पिशवीच्या तोंडातून कॅलेंडरची लाल तारखांची कड बाहेर डोकावत होती. मूर्ख बाई मी, नीट आत खोचायचंही सुचलं नव्हतं. सर्जेरावनं ती नजर टिपली.

“दादा, पिशवीत हाय,” तो म्हणाला आणि दोन पावलं पुढं आला. “दावा बाई पिशवी.”

गेटवर जसं रोज म्हणायचे, तस्सं म्हणाला. दावा पिशवी. दीडशे बायका रोज ऐकत होत्या, मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी पिशवीत हात घातला, कागद काढला, आणि फाडला. दोन तुकडे, चार तुकडे, आठ. कॅलेंडरचा कागद जाड असतो, टरटर आवाज होतो. मग ते तुकडेही चुरगाळून मुठीत धरले आणि म्हणाले, “चूक माझी आहे दादा. पोरीचं काही नाही. मला बालवाडीतून काढायचं तर काढा.”

दादा उठले. माझ्या मुठीकडं पाहत राहिले. सर्जेराव हात पुढं करणार एवढ्यात त्यांनी त्याला डोळ्यांनीच अडवलं. मग पुन्हा पोरीला विचारलं, जरा मऊ आवाजात, “काय होतं गं त्यावर?”

शिवलीला माझ्या मुठीकडं बघत होती. तिचा चेहरा मी कसा सांगू? मारलेल्या पोराचा चेहरा असतो, तसा नव्हता. रोज भेटणाऱ्या माणसानं ओळख दिली नाही तर आपण कसे बघतो, तशी बघत होती.

“फाटलं,” ती म्हणाली. बस. त्यापुढं तोंड उघडलं नाही.

दादा दारापर्यंत गेले. तिथं थांबून म्हणाले, “पेट्यांना दुसरी जागा बघ, सर्जेराव. खोली बाईंची.” मग माझ्याकडं वळून, “पोरगी वाचते. तुम्ही शिकवलंत, ते कबूल. पण मला कळलं नाही, असं समजू नका.”

त्यांनी महादेवीला काढलं नाही. नाव कुणाचंच घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून एवढंच झालं की, गेटवर पोरांचेही खिसे बघायला लागले. अठरा पोरं रोज संध्याकाळी आपल्या आयांशेजारी रांगेत, खिशांची अस्तरं बाहेर काढून. मी खिडकीतून बघायचे आणि मग खिडकी लावून घ्यायला लागले.

महादेवी त्या रात्री माझ्याकडं येईल, काहीतरी म्हणेल, असं वाटलं होतं. आठ दिवसांनी पाण्याच्या टाकीवर भेटली. आभार नाहीत, राग नाही. “तुमी लिवायचंच कशाला हुतं, बाई?” एवढंच म्हणाली आणि घागर उचलून गेली.

आणि शिवलीला? ती रोज यायची. गोष्ट ऐकायची, खाऊ खायची, डब्यांवरची नावं सगळ्यांच्या आधी वाचायची. पण तिची पाळी आली की मान हलवायची. “माझी गोष्ट न्हाई.” दुसऱ्या आठवड्यात तेच. तिसऱ्या आठवड्यात तेच. मी “तुम्ही बोलाल ते?” विचारलं की पोरं “बाई लिहिणार!” म्हणून ओरडायची, आणि ती गप्प माझ्या तोंडाकडं बघत राहायची. शेवटी मीच ते विचारायचं सोडून दिलं. तिच्या चिमट्याला फुटाण्याचा कागद तसाच होता. तो काढायचंही मला धाडस झालं नाही. मनाची समजूत घालायचे, पोरगी रुसली तर रुसू दे, आईची रोजी तर राहिली. मी दोघींना वाचवलं. असं म्हणत म्हणत हंगाम संपत आला.

शेवटचा आठवडा. बायकांची बोचकी बांधून झाली होती, दुसऱ्या दिवशी जतकडं जाणारा टेम्पो लागणार होता. खोलीत मी एकटीच, डबे पुसत होते. शिवलीला आली. तिनं एक स्टूल ओढलं, त्यावर चढून फुटाण्याचा कागद चिमट्यातून काढला आणि माझ्यापुढं आणून उलटा ठेवला. तारखांवर रेघोट्या होत्या, पण वर-खाली बरीच जागा कोरी होती.

“लिवा,” ती म्हणाली.

मी मांडी घालून बसले. पेन उघडला.

“एक बाई हुती,” तिनं सुरुवात केली.

“एक — बाई — हुती,” मी लिहिलं, बोलत बोलत, नेहमीसारखं.

“ती म्हनली, बोलशील त्ये लिहीन. मग तिनं बदललं. मग फाडलं.”

मी लिहिलं. अक्षर वाकडं येत होतं.

“आता गेटवर खिसे बघत्यात.”

तेही लिहिलं. मग थांबून विचारलं, “बेदाण्यांचं लिहू, शिवलीला? तुझी गोष्ट आहे. तू म्हणशील ते लिहीन.”

तिनं जोरात मान हलवली. “नको. आईला हाकलून देतील की!”

माझ्या हातातला पेन थांबला. “तुला कोणी सांगितलं?”

“आईनं. त्या राती. दादा येनार हुते त्याच्या आदल्या राती. रडत सांगितलं.”

म्हणजे दादा तोंडासमोर बसून विचारत होते तेव्हा पोरगी घाबरून गप्प नव्हती. सगळं कळून गप्प होती. साडेचार वर्षांच्या पोरीनं आईला सांभाळलं होतं, आणि मी तिच्यासमोर उभी राहून, तिला वाचवतेय या थाटात, तिचा कागद फाडत होते.

“मग तू ‘माझा कागद न्हाई’ असं का म्हणालीस गं?” मी विचारलं. आवाज माझाच मला ओळखू येईना.

“नव्हताच की माझा.” तिला हा प्रश्नच खुळा वाटला. “तुमी मला विचारलंच न्हाई. गोष्ट माझी हुती. विचारायचं हुतं. मीच दुसरं सांगितलं असतं.”

“काय सांगितलं असतंस?”

तिनं क्षणभरही विचार केला नाही. एवढे दिवस ते तिच्यापाशी तयारच असणार.

“गूळ,” ती म्हणाली. “आजीला फुटाणे चोखता येत न्हाईत, बाई. गूळ येतो.”

मी तोंडाला पदर लावला. तिनं मला थोडा वेळ रडू दिलं. मग बोटानं कागद टोचला.

“त्येबी लिवा.”

मी लिहिलं. तिनं कागद आपल्याकडं फिरवून घेतला, पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि निघाली. एकेक शब्द, सावकाश, एकही न गाळता. मी श्वास धरून बसले होते. दादांपुढंसुद्धा मी अशी बसले नव्हते. शेवटच्या शब्दापर्यंत बोट गेलं, तिथं थांबलं, आणि पुन्हा एकदा मागं जाऊन ‘गूळ’ तपासून आलं.

“बराबर हाय,” ती म्हणाली. “आता टांगा.”